गंगव्वाचा महिना

पूल नव्हता तेव्हा पल्याडचा कर्नाटक आम्हाला परमुलूखच. चंदगडच्या अंगाला आमचं गाव, मधे नदी आणि नदीत एकच नाव. पंचमीला भाऊ बहिणीला न्यायला यायचा. ती पलीकडे पोचली की नदी अशी फुगायची की लेक महिनाभर माहेरी. नदीला पोरींची दया होती, सरकारला कुठली?

सरकारनं पूल बांधला. नारळ शालूबाईनं फोडला. तिची सून पल्याडची, तिकडे गंगव्वा, आमच्याकडे गंगूबाई. खोबरं चघळत शालूबाई म्हणाली, "आता महिना कशाला? सकाळी जा, सांजच्या भाकरीला ये. चार मिनिटं तर लागत्यात."

पंचमीला भाऊ भरमाप्पा मोटारसायकल घेऊन आला. निम्म्या पुलावर गंगव्वा म्हणाली, "अण्णा, थांबव." उतरली आणि दोन राज्यांच्या मधल्या लोखंडी पट्टीवर गोणपाट टाकून बसली. "महिना मिळाल्याबिगर उठत न्हाय."

"गंगव्वा, लोक हसाय लागलेत."

"हसू देत की."

दुसऱ्या दिवशी अकरा सुना बसल्या, तिसऱ्या दिवशी एकशेचाळीस, दोन्ही काठांच्या. पल्याडच्या सुनांची माहेरं आमच्याकडेच की. त्यांनी फुगड्या अशा घातल्या, की पूल वीतभर सरकला. मी स्वतः मोजलाय.

दोन्हीकडचे फौजदार टेप घेऊन आले. बायका दुसऱ्याच्याच हद्दीत बसल्यात हे दोघांनीही मोजून सिद्ध केलं. जी राज्यं एकेका गावासाठी भांडत आली, ती त्या दिवशी जमीन एकमेकांच्या गळ्यात घालायला भांडली.

आमच्या फौजदारानं दरडावलं, "नाव काय तुझं?"

"तुमच्याकडनं विचारलं तर गंगूबाई, त्यांच्याकडनं विचारलं तर गंगव्वा. हितं बसल्यावर कुणी विचारलंच न्हवतं."

शेवटी दोन्ही सरकारांचं एकमत झालं. पुलाच्या दोन्ही टोकांना दोन्ही भाषांत पाटी लागली: श्रावणात दुरुस्तीसाठी पूल बंद. दुरुस्ती करणारा माणूस अजून कुणी पाहिलेला नाही.

पुढच्या पंचमीला पुलाखालून नाव सुटली. गंगव्वा चढली आणि तिच्यामागं पिशवी घेऊन शालूबाई.

"अत्ती, तुमी कुटं?"

"सरक जरा. माझं म्हायेरबी तिकडंच हाय की. चाळीस वर्सं झाली, कोण न्यायलाच आलं न्हाय."

घरी राहिला गंगव्वाचा नवरा बसवेश. महिनाभर त्यानं भाकरी थापली. नकाशासारखी व्हायची, आणि सीमा दोन्हीकडनं करपलेली.