जेवलासा काय?

देठ मोडलेली हिरवी मिरची तव्यावर फुगली, फट्कन फुटली आणि शांतव्वाला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि त्या पाण्यातच हसू. आणखी घालावी? एक? दोन? निराधारांच्या संस्थेत सव्वीस वर्षं मिरची किती हे दुसरंच कुणी ठरवत होतं. म्हाताऱ्या माणसांना तिखट बाधतं, असं कधीतरी कुणी डॉक्टर बोलून गेला आणि सगळ्या ताटांतली भाजी कायमची पिवळी पडली... तेव्हा मी चाळिशीची होते की! मला कुठं बाधत होतं? तिनं सरळ चार मिरच्या आणखी टाकल्या आणि पोलिओनं वाळलेला उजवा पाय स्टुलाच्या दांडीला टेकवून खर्डा रगडायला घेतला.

ओटा तिच्या बसण्याच्या उंचीचा होता. तो संयोगितानं करून घेतलेला. संस्थांमधल्या माणसांना चारचौघांच्या वस्तीत घर मांडून द्यायचं, हे त्या पोरीचं काम. तिनंच शांतव्वाला मंगळवार पेठेतल्या या खोलीत आणलं होतं. आज महिना भरला. संध्याकाळी ती कागद घेऊन येणार होती — इथं राहायचं, की परत जायचं? संस्थेतली खाट आजच्या दिवसापुरतीच राखून ठेवली होती. "तुम्ही म्हणाल तसं, आजी," म्हणाली. तुम्ही म्हणाल तसं! गडहिंग्लजला अव्वा, म्हणजे आई, गेली तेव्हा भावांनी ठरवलं, पुढं संस्थेतल्या मॅडमनी ठरवलं. शांतव्वानं जन्मभर नुसतं 'व्हय' म्हटलेलं. आता सहासष्टाव्या वर्षी म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं? तिथं निदान शेजारच्या खाटेवर अंबूबाई घोरत असे. त्या घोरण्याला सव्वीस वर्षं नावं ठेवली आणि आता त्याच्यावाचून झोप लागत नाही, घ्या! आणि इथं मोरीत पाय घसरला तर... कोण येणार?

कोण म्हणजे, तानाबाई होती. शेजारची, दूध डेअरीत कामाला. रोज दुपारी खिडकीवरून जाताना तिची खणखणीत हाक यायची, "जेवलासा काय, मावशी?" पहिल्या दिवशी शांतव्वानं पदर सावरला, पाठ ताठ केली आणि एका दमात सांगून टाकलं, "दोन चपात्या खाल्ल्या, दोडक्याची भाजी, भात न्हाई घेतला, बीपीची गोळी घेतली, सकाळी पोट साफ झालं." तानाबाई खिडकीचा गज धरून हसत सुटली. "आगं बया! एवढं कुणी इचारलंय?" शांतव्वाला मात्र हसू आलं नाही. संस्थेत हाच प्रश्न याच वेळेला वही घेऊन यायचा, आणि 'नाही जेवले' म्हटलं की वहीत तांबडी खूण. म्हणजे इथंही एक नेमलेली आहे तर... हिच्याकडून सगळं संयोगिताच्या कानावर जात असणार. मग महिनाभर शांतव्वा रोज नेमानं उत्तर देत राहिली. भूक नसली तरी घास कोंबून खरं बोलायची, नाहीतर 'जेवले, जेवले' म्हणून खोटं, आणि खोटं बोललं की दिवसभर जीव टांगणीला.

आजही हाक आली. "जेवलासा काय, मावशी?" शांतव्वानं हातातला बत्ता बाजूला ठेवला, म्हणाली, "न्हाई अजून, भाकरी व्हायची हाय, खर्डा..." आणि बघते तर खिडकीत कुणीच नाही. तानाबाई कोपऱ्यावर पोचली होती. इस्त्रीवाल्या आकारामला तीच हाक, तोच सूर — "जेवलास काय रं?" त्यानं इस्त्रीवरची मान न उचलता विचारलं, "आन् तू?" ती चालतच राहिली, तो कपडे दाबतच राहिला. उत्तर कुणी दिलं नाही, कुणी मागितलंही नाही.

शांतव्वाला आधी रागच आला. महिनाभर मी घास मोजून खरं-खोटं करत बसले आणि ह्या बाईला ऐकायचंच नव्हतं! मग वाटलं... कुणीच लिहून घेत नाही, म्हणजे मी न जेवता निजले तरी कुणाला कळणार नाही. कुणाला कळणार नाही... तिनं तेच वाक्य पुन्हा घोळवून बघितलं, आणि काय आश्चर्य, या खेपेला ते हलकं लागलं, गोड लागलं. अशी हाक अव्वाही मारायची की, दाराबाहेरच्या कट्ट्यावर बसून, येणाऱ्याजाणाऱ्याला, कानडीत, 'ऊटा आत्ता?' जेवण झालं का, म्हणून! सव्वीस वर्षांत मी विसरलेच. भाकरी तिनं चार वाजता थापली, भूक लागल्यावर, आणि खर्ड्यानं कानांतून वाफा येईतोवर खाल्ली.

दिवेलागणीला दारात चपला वाजल्या. संयोगिता. आजवर ती आली की हातात काहीतरी असायचंच — शेगडी, नवी कुबडी, पाण्याचा कॅन — आणि त्या ओझ्यासकट तडक आत शिरायची. आज हातात नुसता कागद. उंबऱ्याबाहेर थांबून तिनं विचारलं, "आजी, येऊ का आत?"

शांतव्वा मान वर करून बघतच राहिली. मॅडमच्या दाराशी कुबडीवर तोल सावरत हे ती स्वतःच म्हणत आली होती... येऊ का, जाऊ का, बसू का... आणि आतून उत्तर येईतोवर चांगला पायसुद्धा भरून यायचा. तिला हे कुणी, कधी विचारलं... नाही, आठवेना. 'ये की गं' अगदी जिभेवर आलं होतं. पण तिनं ते तिथंच धरून ठेवलं. कागदावर काय सांगायचं ते अजून ठरलं नव्हतं, मोरीची भीतीही होती तिथंच होती. पण छाती अशी भरून आली होती की हसू आवरेना. थांबू दे की पोरीला, क्षणभर. बोलावते... बोलावते मी.