दुसऱ्या लग्नाचं कोंबडं

ताडोरला रिवाजांची आठवण झाली ती पन्नाशीत, आणि तीही एकाच रिवाजाची. तोवर तो रस्त्यांची कंत्राटं घेत होता, संध्याकाळी टीव्हीसमोर बसून नूडल्स खात होता आणि न्यिबूचे, म्हणजे पुजाऱ्याचे, मंत्र कानावर आले की गाडीची काच वर करत होता. मग बाजारात यानिया नावाच्या मुलीने ब्युटी पार्लर काढलं. ताडोर तिथून केस काळे करून आला आणि आल्या आल्या बायकोला म्हणाला, "आपल्या पूर्वजांना चार-चार बायका असायच्या. प्रत्येकीची वेगळी चूल. आपली संस्कृती आपणच टिकवायला पाहिजे, यारुम."

यारुम कोंबड्यांना मका घालत होती.

"टिकव," ती म्हणाली. "पण ह्या फरशीवर दुसरी चूल मांडणार कुठे?"

"गॅसची शेगडी घेऊ."

"बरं. पूर्वजांकडे सिलिंडर कोण पोचवायचा?"

बोलली ती हसून, पण हातातला मका एकाच जागी पडत राहिला. तिला सवत नको होती. रडून उपयोग नाही हे तिला माहीत होतं. वडीलधारी मंडळी म्हणतील रिवाज आहे, आणि तरुण मंडळी ताडोरच्याच कामावर होती. गेल्याच वर्षी महिला मेळाव्यात त्याने एकपत्नीत्वावर भाषण केलं होतं. भाषणाला शाल मिळते आणि रिवाजाला बायको, एवढा फरक त्याला कळत होता.

सोयरीक जुळवायची तर आधी कोंबडं कापून त्याचं काळीज बघायला हवं. न्यिबू तालो म्हातारा झाला होता, पण ह्या कामाला त्या खोऱ्यात दुसरा पुजारी नव्हता. कोंबडं विकतचं चालत नाही, घरचंच लागतं. म्हणजे नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाला पहिलीने वाढवलेलं.

तालोने पहिलं काळीज उजेडात धरलं, अंगठ्याने कड वळवून पाहिली आणि पानावर ठेवलं.

"डाग आहे. नको म्हणतंय."

"ते कोंबडं आजारीच होतं," ताडोर म्हणाला. "दुसरं बघा."

दुसऱ्याची कड फाटकी निघाली. ते म्हातारं ठरलं. तिसरं काळीज फिकट होतं, तर ते फारच कोवळं ठरलं. प्रयोग मनासारखा झाला नाही की नमुन्याला नावं ठेवायची, हे ताडोरला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. प्रत्येक कोंबड्याचा रस्सा होई आणि शेजारी जेवून जात. चौथ्या खेपेपर्यंत ते मनातल्या मनात वाईट काळजाचीच वाट बघू लागले होते.

खुराड्यात दोन-चार कोंबड्या उरल्या तेव्हा यारुमने दाराशी पाट टाकला आणि त्यावर बसून राहिली. ताडोर मुकाट्याने बाजारातून ब्रॉयलर घेऊन आला.

तालोने त्याचं काळीज उलटंपालटं केलं. "हे बोलतच नाही."

"म्हणजे होकार समजायचा?"

"अरे, ह्याने जन्मात आभाळ पाहिलं नाही. ह्याला तुझ्या लग्नातलं काय कळणार?"

यारुमने म्हाताऱ्यापुढे बांबूच्या पेल्यात आपोंग, तांदळाची घरची दारू, ठेवली आणि समोर बसली.

"आतो," आजोबांना मारतात तशी हाक मारून ती म्हणाली, "माझ्या न्यिदाच्या वेळी काळीज कसं निघालं होतं?"

तालोचा पेला ओठांशीच थांबला. न्यिदा म्हणजे खरं लग्न. मुलीकडच्यांना मिथुन, म्हणजे डोंगरातले गव्यासारखे बैल, द्यायचे आणि तिच्या सगळ्या कुळाने वाजतगाजत तिला सासरी पोचवायचं.

"तुझ्या न्यिदाला मी होतो?"

"कुणीच नव्हतं. झाला असता तर आला असतास."

यारुम ह्या घरात आली ती जीपच्या मागच्या बाकावर बसून. न्यिदा कंत्राट मिळालं की करू, असं ताडोरने तिच्या बापाला सांगितलं होतं. कंत्राट मिळालं, मग घर बांधायचं निघालं, मग भावाची निवडणूक, मग लेकीचं कॉलेज. असं बऱ्याच घरांत चालतं, त्यामुळे कुणी विचारलं नाही. तीही बोलली नव्हती. आत्तापर्यंत.

म्हातारा इतका हसला की आपोंग मांडीवर सांडली. "आणि मी बिचाऱ्या कोंबड्यांना धरून बसलोय. ताडोर, पहिलीचा न्यिदा राहिला असताना दुसरीचा होत नसतो."

"हा रिवाज कधीपासून आहे?"

"तुझ्या रिवाजाच्या आदल्या दिवसापासून."

ताडोरने विचार केला आणि म्हणाला, "ठीक आहे. घरातल्या घरात छोटासा उरकून टाकू."

"छोटासा कसा?" यारुम म्हणाली. "संस्कृती टिकवायची आहे ना?"

त्याच संध्याकाळी तिने भावाला, तासोला फोन केला. तासोने सगळ्या कुळाला केला.

नव्या नवरीसाठी घेतलेला पोशाख ताडोरला जुन्या नवरीसाठी चढवावा लागला. वेताची टोपी, तिच्यावर धनेशाची चोच, कपाळावर केसांचा बुचडा आणि त्यात आडवी पितळी सळई. धनेश मारायला बंदी आहे, म्हणून चोच फायबरची होती. कपाळाशी बांधण्याइतके केस उरले नव्हते, म्हणून बुचडा काळ्या लोकरीचा, टोपीलाच शिवलेला. टोपी सैल होती. मान हलली की चोच डाव्या कानावर येई.

यारुमला सजवायला गावात एकच बाई होती. यानिया पेटी घेऊन आली आणि दारातच घुटमळली.

"ये की," यारुम म्हणाली. "तुझं काम कर."

यानियाने यारुमच्या आईच्या निळ्या मण्यांच्या माळा एकेक करून गळ्यात चढवल्या आणि कमरेला पितळी चकत्यांचा पट्टा आवळला.

"ताई, केवढं जड आहे हे."

"घरही असंच असतं. बघून घे."

यानियाने माळा सारख्या केल्या. मग म्हणाली, "ते मला म्हणाले होते, पहिलीशी रीतसर काही झालेलंच नाही."

"खरं तेच सांगितलं. आज होतंय."

खिडकीतून ताडोर दिसत होता, चोच सरळ करत.

"तो बुचडा लोकरीचा आहे ना?" यानियाने विचारलं.

"हो."

"चोच फायबरची. केस तर मीच काळे केलेत. मग अस्सल काय आहे हो त्यांच्यात?"

"घोरणं," यारुम म्हणाली.

दोघी हसल्या, आणि यानियाच्या हातून काजळाची रेघ वाकडी गेली.

दुपारी यारुमचं माहेर डोंगर उतरून आलं. पुरुष दाव, कमरेचे लांब सुरे, उगारून हुंकार भरत होते, बायका गात होत्या. पोचल्यावर सगळे जेवायला बसले आणि लवकर उठले नाहीत. यानियाच्या बापासाठी राखलेले मिथुन तासोने गळ्याला हात लावून एकेक बघितले आणि वेशीकडे बांधून घेतले. मग तो ताडोरपुढे उभा राहिला.

"दाजी, मान वर करा. किती लाजताय? पहिलंच लग्न ना तुमचं."

ताडोरने मान वर केली. चोच पुन्हा कानावर आली, आणि तोच फोटो गावभर गेला.

यानियाने जाताना मेकअपचे पैसे घेतले आणि डुकराच्या मांसाचा चांगला वाटा पानात बांधून नेला. नंतर तिने ताडोरचा फोन उचलला नाही. त्याची आठवण आलीच तर चोचीचा फोटो तिच्याकडे होता.

ताडोरला मात्र वाटत होतं की अडचण तेवढी कोंबड्याचीच आहे. आठवड्याने, पाहुण्यांचे शेवटचे टोप धुऊन झाल्यावर, तो खुराड्यापाशी गेला. आत बदकं होती.

"कोंबड्या?"

"माझ्या माहेरच्यांनी खाल्ल्या," यारुम म्हणाली. "न्यिदाला असंच असतं. तुला सवय नाही."

तो तसाच तालोकडे गेला. म्हातारा ओसरीत वेत सोलत होता.

"आतो, बदकाचं काळीज चालेल का?"

तालोने वेताची साल शेवटपर्यंत ओढली, बोटाने धार तपासली आणि मग वर पाहिलं.

"रिवाज नाही," तो म्हणाला.