आरसा नसलेली व्यायामशाळा

चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या, घरातल्या धाकट्या पोराला भर उन्हाळ्यातही अंगात दोन शर्ट लागत. आपण काडीपैलवान दिसतो, ही धास्ती! खरं तर रोज वजनं उचलून त्याचे खांदे दारात मावेनासे झाले होते. पण दुकानात जिकडेतिकडे आरसे, आणि प्रत्येकात त्याला हडकुळा पोरगाच दिसे. मित्रांबरोबर पोहणं सुटलं, घरच्यांबरोबर जेवण सुटलं. आता तर कुणीतरी दंड फुगवणारी इंजेक्शनं आणून दिली होती.

त्या इंजेक्शनांचा खोका आत्याच्या हाती लागला. आत्याने तरुणपणी वजनं उचलायच्या स्पर्धा गाजवलेल्या. ती ओरडली नाही.

"चल माझ्याबरोबर. आमची जुनी व्यायामशाळा पाडतायत. शेवटचं भेटायचं ठरलंय सगळ्यांचं."

पत्र्याच्या खोलीत गंजलेल्या सळया, घामाने काळे पडलेले बाक आणि पोट सुटलेले, टक्कल पडलेले आत्याचे सवंगडी. हसण्याखिदळण्याला नुसता ऊत आला होता.

"आत्या, आरसा कुठे असायचा?"

"नव्हताच रे! वजन डोक्यावर गेलं की हे सगळे असे बोंबलायचे, वाटायचं, जगात माझ्यासारखी मीच! कशी दिसते, हे बघायला फुरसत कुणाला होती?" बोलताना आत्या गंजलेल्या सळईवरून हात फिरवत राहिली.

तेवढ्यात दाराशी गाडी थांबली. पक्षाघाताने पाय गेलेले आत्याचे गुरुजी आले होते. पायऱ्या चढणार कशा? धाकटा पुढे झाला. त्यांना अलगद उचलून त्याने बाकावर बसवलं.

"बाळा," गुरुजी म्हणाले, "मला उचलणारे दमतात, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं होतं. आज तसं वाटलं नाही."

धाकट्याला भरून आलं. आत्याला बाजूला घेऊन तो म्हणाला, "मला रोज वाटतं गं, मी काहीच नाही."

"वेड्या, एवढे दिवस एकटाच सोसत होतास? हे मनाचं दुखणं आहे. उद्याच डॉक्टरांकडे जाऊ, मी येते."

"आणि ती इंजेक्शनं मी फेकून देतो!"

बरं व्हायला त्याला वेळ लागला. अजूनही एखादा दिवस वाईट जातो. पण त्या दिवशी तो आत्याशी बोलतो.

मित्रहो, आपल्या घरातही असा एखादा पोरगा घाम गाळत स्वतःलाच कोसत असेल. 'अजून हवं' म्हणणारे त्याला पावलोपावली भेटतात. तू आहेस तसा आम्हाला हवा आहेस, हे त्याला आपण सांगायला हवं, आणि ते आजच!