दुर्बिणीच्या बटणावरचं कुंकू

आमच्या मोरदऱ्यात विजेचा पहिला दिवा लागला, तेव्हा माझ्या चुलत्यानं तो फुंकर मारून विझवायचा चंग बांधला. फुंकून फुंकून बिचाऱ्याला धाप लागली आणि नेमकी तेव्हाच चाकणकडून लाईट गेली. मरेपर्यंत तो सांगत होता, दिवा मीच विझवला. गावानं ते मानलं. आमचं गाव तसं मानणाऱ्यातलं आहे, त्यामुळे पुढची गोष्टही तुम्ही मानून घ्या.

लोकसभेची निवडणूक होती. आमच्या भागातून साहेब उभे होते. पक्ष नवा, चिन्ह दुर्बीण. गावात त्यांचा माणूस म्हणजे दादासाहेब. चाकणच्या कंपन्यांना माणसं पुरवायचं कंत्राट दादासाहेबांचं, त्यामुळे निम्म्या गावाचे गेटपास त्यांच्या खिशात. दादासाहेबांना हवं होतं जिल्हा परिषदेचं तिकीट. साहेब म्हणाले, "गाव एकमुखी द्या, तिकीट घ्या. आणि मला सांगायला येऊ नका. मशीन बूथवार आकडे देतं, मला आपोआप कळेल."

दादासाहेबांनी सभा घेतली. सगळ्या गावानं हात वर केले. आमच्याकडे हात वर करायला कुणाला काही लागत नाही, हे दादासाहेबांनाही माहीत होतं. म्हणून त्यांची झोप उडाली.

"मशीनला समदं ठावं असतं," ते बायकोला म्हणाले, "कोण आला, कुठलं बटन दाबलं. पण मेलं तोंड उघडत न्हाई."

"न्हाई उघडत ते बरंय," सुभद्राबाई म्हणाल्या. "उघडलं असतं तर आदी तुमच्याबद्दल बोललं असतं."

सुभद्राबाई म्हणजे गावच्या माजी सरपंच. नवऱ्याला उत्तर देण्यात त्यांची पाच वर्षांची मुदत कधी संपली नव्हती.

दादासाहेबांना कल्पना सुचली ती खंडेनवमीच्या आठवणीतून. त्या दिवशी कंपनीत मशीनची पूजा होते आणि दिवसभर ज्याचं त्याचं बोट लाल दिसतं. बस. मतदान यंत्राची पूजा करायची आणि कुंकू लावायचं बरोबर दुर्बिणीच्या निळ्या बटणावर. दाबणाऱ्याचं बोट लाल होणार, न दाबणाऱ्याचं कोरं राहणार. शाई डाव्या बोटाला लावतात, बटण उजव्यानं दाबतात. म्हणजे गफलतीला जागा नाही. बाहेर शंभर मीटरच्या पलीकडे आपण टेबल मांडून बसायचं, येईल त्याच्याशी हात मिळवायचा आणि बोट बघायचं.

"ज्याचं बोट कोरं, त्याचा गेटपास कोरा," दादासाहेब म्हणाले.

मतदानाच्या दिवशी पहाटे शाळेच्या खोलीत केंद्राध्यक्ष दिव्या मॅडमनी यंत्र मांडलं. मॅडम राजगुरुनगरच्या, शाळेत गणित शिकवायच्या, आवाज जरबेचा. साहेबांच्या पोलिंग एजंट सुभद्राबाई. समोरच्या कढई चिन्हाचा एजंट जयसिंग, कंपनीच्या प्रेसशॉपमधला, पत्रा दाबणाऱ्या मशीनवरचा ऑपरेटर. आधी नकली मतदान झालं. प्रत्येक चिन्हाला मतं टाकून बघितली, छापून पडलेल्या चिठ्ठ्या आकड्याशी जुळवल्या, मग मॅडमनी 'क्लिअर' दाबून सगळं पुसलं. यंत्रावर प्रत्येकाच्या नावापुढं शून्य. एजंटांनी ते शून्य डोळे भरून बघितलं आणि सह्या केल्या.

तेवढ्यात सुभद्राबाईंनी पिशवीतून कुंकवाचा करंडा काढला.

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

"पूजा."

"अहो, हे सरकारी यंत्र आहे."

"यंत्रच हाय न्हवं? मग बिनपूजेचं कसं चालू करायचं?"

आता जयसिंग विरोधी पक्षाचा, त्यानं हरकत घ्यायला हवी होती. पण तो पडला प्रेसशॉपचा माणूस. "मॅडम, ह्या एका बाबतीत मी वहिनींच्या बाजूनं," तो म्हणाला. "आमच्याकडं जपानहून मशीन आलं, तवा जपानी सायबानं सोता नारळ फोडला. बिनपूजेच्या मशीनवर आमच्या गावचं माणूस बोट ठेवायचं न्हाई."

मॅडमनी जाडजूड पुस्तिका चाळली. त्यात पावसाचं होतं, दंग्याचं होतं, यंत्र बंद पडलं तर काय करायचं ते होतं. कुंकवाबद्दल कुणी काही लिहिलं नव्हतं. बाहेर फर्स्ट शिफ्टला जाणारी रांग ओरडायला लागली.

"एक टिकली. कडेला," मॅडम म्हणाल्या आणि सील लावायला वळल्या.

सुभद्राबाई पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्या. कुंकू तेलात कालवून आणलेलं, दिवसभर टिकेल असं. टिकली म्हणता म्हणता अंगठ्याएवढा गोळा दुर्बिणीच्या बटणावर बसला.

पहिले मतदार भिमाजी. सगळी जमीन रस्त्याखाली गेलेले, गावातले सगळ्यात रिकामे गृहस्थ. ते बाहेर आले तसे दादासाहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे केला. भिमाजी बिचकले. एवढ्या वर्षांत दादासाहेबांनी लांबूनच मान हलवली होती.

"कुणी गेलं का काय?" भिमाजींनी विचारलं.

"न्हाई राव, सहज. द्या की हात."

बोट लालभडक. दादासाहेबांचा चेहरा उजळला. मग बायका आल्या, पोरं आली, नाईट शिफ्ट करून डोळे चोळत आलेले आले. सगळ्यांची बोटं लाल. इतकंच नाही, कपाळंही लाल. दादासाहेबांनी साहेबांना फोन लावला. "शंभर टक्के, साहेब. लोकांना इतका आनंद झालाय, गुलालाची वाट न बघता आत्ताच टिळे लावून बाहेर पडायला लागलेत."

आता आत काय होत होतं ते ऐका. मी आत जाऊन आलोय, म्हणून छातीठोक सांगतो.

पूजा केलेल्या मशीनपुढं कंपनीतला माणूस गेला की त्याचा हात मेंदूला विचारत नाही. आधी कुंकवाला हलकेच बोट लावायचं, तेच बोट कपाळाला टेकवायचं आणि मग कामाचं बटण दाबायचं. ही सवय हाडात गेलेली. पुठ्ठ्याआड प्रत्येकानं हेच केलं. दुर्बिणीवरचं कुंकू अलगद टिपलं, टिळा लावला, मग आपल्या मनातलं बटण दाबलं. लबाडी कुणाच्याच ध्यानीमनी नव्हती. निदान कुंकवाच्या बाबतीत नव्हती.

आणि मनातलं बटण होतं भेंडीचं.

भेंडी हे चिन्ह सोपानरावांना मिळालं होतं. सोपानराव निगडी–मोरदरा बसचे कंडक्टर, आता निवृत्त. एकटेच स्कूटरवर फिरून प्रचार करत होते, कर्णाही स्वतःच धरायचे. निवडून येणार नाहीत हे त्यांनाही ठाऊक होतं. पण शिफ्टला उशीर झालेला माणूस लांबून पळताना दिसला की घंटी न मारता बस थांबवून ठेवणारा कंडक्टर आमच्या नशिबी एकच आला. देहूच्या फाट्यावर ड्रायव्हर शिव्या घालायचा आणि सोपानराव शांतपणे सुट्टे मोजत बसायचे. गावात असं घर नाही, ज्याचा अर्ध्या दिवसाचा पगार त्यांनी वाचवला नाही. प्रत्येकानं मनाशी म्हटलं, बाकीचं गाव दादासाहेबांना आहेच, माझं एवढं एक मत सोपानरावांना गेलं तर कुणाला कळतंय?

दादासाहेब दिवसभर टेबलावरून हलले नाहीत. मतदान बंद व्हायच्या बेतात कुणीतरी आठवण केली तेव्हा ते लगबगीनं आत गेले. चष्मा टेबलावरच राहिला. आडोशामागे गेले तर दुर्बिणीचं बटण पुसून पुसून कारखान्यातून आल्यासारखं निळं झालेलं, आणि चार ओळी खालचं भेंडीचं बटण लाल बोटांनी दाबून दाबून शेंदूर लावलेल्या म्हसोबासारखं झालेलं. दादासाहेबांनी ऐटीत ते लाल बटण दाबलं. लांब बीप वाजला. शेजारच्या पेटीच्या काचेत चिठ्ठी दिसली, सात सेकंद. तिच्यावर काहीतरी लांबट, एका टोकाला निमुळतं चित्र होतं. दुर्बीणही लांबटच असते. दादासाहेबांनी चिठ्ठीला नमस्कार केला.

मोजणीच्या दिवशी गोदामात लाकडी टेबलं, मध्ये जाळी, जाळीच्या अलीकडे एजंट. टेबलावर येतं ते फक्त आकडे सांगणारं डबडं. बटणांचा भाग कुलपातच राहतो, त्यामुळे कुंकू कुणाला दिसायचं कारण नव्हतं. दादासाहेब स्वतः जाळीला नाक लावून उभे, चष्म्यासकट. शेजारी जयसिंग. कर्मचाऱ्यानं मोरदऱ्याचं सील तोडलं, रिझल्टचं बटण दाबलं. दुर्बीण, शून्य. कढई, शून्य. एकेक नाव येत गेलं, शून्य, शून्य. भेंडीवर आकडा आला तो गावात झालेल्या मतदानाएवढा.

"हे सकाळचं शून्य हाय," दादासाहेब म्हणाले. "पुसायचं राहिलेलं."

"शून्य पुसत नाहीत, काका," कर्मचारी म्हणाला.

"मग यंत्रात कायतरी घातलंय. जयसिंग, बोल की. तुझा पन शून्यच हाय."

जयसिंग खाली बघत होता. कढईचा एजंट असून त्याचंही मत कढईत पडलं नव्हतं हे त्याला एकट्याला माहीत होतं. "घातलंच असंल," तो म्हणाला. "मी तर दिलं हुतं आमच्याला."

तेवढ्यात चिठ्ठ्या मोजायच्या केंद्रांची सोडत निघाली. शेकडो केंद्रांतून पाच काढायची, त्यात मोरदरा निघालं. खोटं वाटेल, पण सोडतीला आमची खोड माहीत असावी. काचेच्या पेटीतल्या चिठ्ठ्या हातानं एकेक लावल्या. प्रत्येक चिन्हाला एक खण असलेल्या मांडणीत बाकीचे खण रिकामे आणि भेंडीचा खण ओसंडून वाहतोय. शेवटी एक चिठ्ठी उरली. कर्मचाऱ्यानं ती उजेडात धरली. दादासाहेबांना ती लांबट आकृती ओळखीची वाटली. तिला आपण नमस्कार केलाय हेही आठवलं. ते जाळीपासून मागे सरले आणि मशीनबद्दल पुन्हा एक शब्द बोलले नाहीत.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. साहेब पडले होते. "गावाचं जाऊ द्या, दादासाहेब," साहेब म्हणाले, "तुमचं स्वतःचं एक मत होतं ना? ते कुठाय?"

दादासाहेबांनी रेंज गेल्याचं दाखवून फोन ठेवला. तिकीट गेलं. अंगणात गाव जमलं होतं. गाव भेंडीला गेल्याचं कानावर आल्यावर प्रत्येक जण घरून एक वाक्य तयार करून आला होता, 'दादासाहेब, दुर्बिणीचं जे एक मत पडलंय ना, ते माझं.' शून्यानं सगळ्यांचीच पंचाईत केली होती. कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

इतक्यात फटफट करत सोपानरावांची स्कूटर आली. साऱ्या मतदारसंघात त्यांचं डिपॉझिट गेलं होतं, पण हातात पेढ्यांचा पुडा होता.

"दादासाहेब," ते गहिवरून म्हणाले, "तुमचा माणूस उभा असताना तुम्ही अख्खं गाव माझ्या पाठीशी उभं केलंत. असा दिलदार माणूस मी बघितला नाही."

दादासाहेबांनी गावाकडं बघितलं. गावानं दादासाहेबांकडं बघितलं. मग त्यांनी पेढा उचलला.

"सोपानराव, मी फकस्त एक शब्द टाकला," ते म्हणाले. "बाकी लोकांचं प्रेम."

"व्हय व्हय," भिमाजी म्हणाले. "दादासाहेबांनीच सांगितलं हुतं, भेंडीला द्या म्हून." सगळ्या माना एकदम हलल्या. गेटपास वाचले.

ही गोष्ट जयसिंगनं आपल्या पक्षात सांगितली. कढईवाल्यांचे पुढारी आठवडाभरात मोरदऱ्यात आले. जो माणूस भेंडीसारख्या चिन्हाला अख्खं गाव देऊ शकतो, तो कढईला काय नाही देणार, असा त्यांचा हिशोब. जिल्हा परिषदेचं तिकीट दादासाहेबांच्या हातात ठेवून, चहा पिऊन गेले.

पाहुणे गेल्यावर दादासाहेब ओसरीवर पाय पसरून बसले. "बघितलंस?" ते म्हणाले. "पन एक सांग. येकमुखी म्हंजे तुझं मत बी भेंडीलाच गेलं की. कुंकू तूच लावलं हुतंस."

"माहेरी जाताना सोपानरावांनी दोनदा बस थांबवलीय माझ्यासाठी," सुभद्राबाई कपबश्या गोळा करत म्हणाल्या. "तुमी गाडी कदी थांबवलीय?"

दादासाहेबांनी विषय बदलला. "ह्या टायमाला पूजा करायची का न्हाई मशीनची?"

"करू की. तुमी फकस्त चष्मा घेऊन या."