लॅडर हिलचे लाल पट्टे

विचिटाच्या सापांच्या प्रदर्शनात टेबलांच्या तिसऱ्या रांगेत वेंडल ड्राइलिंगने एका डब्यावरची चिठ्ठी वाचली आणि तो जागीच थांबला. चिठ्ठीवर बॉलपेनने लिहिलं होतं, ‘मिल्क स्नेक, लॅडर हिल’. आत पेन्सिलीएवढं पिल्लू वेटोळं करून पडलं होतं. नाकाड पांढुरकं, आणि अंगावरचे नारिंगी पट्टे इतके अरुंद आणि दाट की मोजायचे तर बोट लावूनच मोजावे लागले असते.

लॅडर हिलचा साप असा नसतो. तो कसा असतो हे सगळ्यांना वेंडलनेच दाखवलं होतं. काळं नाकाड, त्यावर पांढरे ठिपके, आणि गडद लाल पट्टे, चांगले अंगठ्याएवढे रुंद. अख्ख्या अंगावर फार तर सतरा. कॅन्सासात इतरत्र कुठेही असला साप सापडत नाही, आणि म्हणूनच पाळणाऱ्यांमध्ये त्या टेकडीचं नाव झालं होतं. या लोकांना साप देखणा असून भागत नाही. तो कुठल्या काउंटीतला, कुठल्या टेकडीवरचा, हे छातीठोकपणे सांगता आलं पाहिजे. दोन ठिकाणचे साप एकत्र लावून पिल्लं काढणाऱ्याला तिथे कोणी दारात उभं करत नाही.

टेबलामागे पन्नाशीची एक बाई बसली होती. नॉर्मा ओचोआ, शाळेची बस चालवणारी. वेंडलने तिला विचारलं, आईबाप कुठले? ती म्हणाली, घरचेच. आणि त्यांचे आईबाप? तेही घरचेच. मग टेकडीवर नेमके कुठे सापडले, असं विचारल्यावर मात्र तिने डब्याचं झाकण घट्ट केलं आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

“तुम्ही ड्राइलिंग ना?” ती म्हणाली. “तुम्ही तुमची जागा कधी कोणाला सांगितलीत?”

वेंडलच्या मनात पाल चुकचुकली. ज्याचा माल खरा असतो तो असा कशाला लपवाछपवी करेल? परतीच्या दीड तासात त्याचं ठरलंसुद्धा: बाईने पश्चिमेकडचे फिके साप आणून त्यांच्यावर त्याच्या टेकडीचं नाव चिकटवलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी गस लिंडक्विस्ट नेहमीप्रमाणे कॉफीला आला. गस हा त्याचा शाळेपासूनचा मित्र. जन्मभर ट्रक चालवलेला, आता गुडघे धरून चालणारा. वेंडलने सगळी हकीकत सांगितली. एरवी कोणाची फजिती म्हटलं की गसला दुसरा कप लागायचा. आज त्याने पहिलाच अर्धा ठेवला.

“जाऊ दे रे,” तो म्हणाला. “टेकडी काय तुझ्या बापाची आहे?”

“माझ्या बापाची नाही, पण नाव माझं आहे.”

गसने कप बाजूला सरकवला. गुडघा दुखतोय म्हणून लवकर उठला. ते वेंडलच्या ध्यानात राहिलं, पण त्याने त्यावर फार विचार केला नाही. त्या आठवड्यात त्याने सहा जणांना फोन केले. त्या बाईचे साप घेण्याआधी दहादा विचार करा, एवढंच तो म्हणाला. त्याच्या शब्दाला वजन होतं, त्यामुळे जास्त बोलायची गरज पडली नाही. पंधरा दिवसांत नॉर्माकडून पिल्लं घ्यायला निघालेल्या तिघांनी माघार घेतली.

मग तिचाच फोन आला. आवाज शांत होता. तुम्ही काय बोलत फिरताय ते माझ्या कानावर आलंय, ती म्हणाली, तर आता घरी येऊन डोळ्यांनी बघा.

तिचं घर रेल्वेमार्गाजवळ होतं. सापांच्या खोलीत पाऊल टाकताच वेंडलची नजर डब्यांवरून फिरू लागली. बाहेरून आणलेला एखादा फिका साप दिसला की धरलीच तिला. डबे स्वच्छ होते, पाण्याच्या वाट्या ताज्या भरलेल्या, आणि प्रत्येक साप तसाच होता, अरुंद नारिंगी पट्ट्यांचा. एकही वेगळा नाही. यानेही त्याचा संशय वाढलाच. वेगळे असतील ते तिने हलवले असतील.

नॉर्माने त्याला स्वयंपाकघरात बसवलं आणि त्याच्यासमोर बुटाचं खोकं ठेवलं. तिचे वडील रूबेन ओचोआ, लॅडर हिल ज्या रँचवर आहे तिथे सव्वीस वर्षं गडी होते. टेकडीखाली दगडी पंपघर आहे. त्याच्या भिंतीत हे साप राहायचे आणि रूबेनना त्यांचं वेड होतं. धरायचे, मुलांना दाखवायचे, सोडून द्यायचे. मरायच्या आधी दोन-तीन वर्षं त्यांनी दोन जोड्या घरी आणल्या. तिच्याकडचे सगळे साप त्यांचेच वंशज.

खोक्यात फोटो होते. उन्हात डोळे बारीक केलेला, हॅट घातलेला माणूस, हातात साप, आणि मागे लॅडर हिलच्या चुनखडीच्या पायऱ्या. वेंडलने त्या पायऱ्या कुठेही ओळखल्या असत्या. पाठीमागे वर्षं लिहिलेली होती. एकोणऐंशी, एक्क्याऐंशी, चौऱ्याऐंशी. अकरा फोटो, अकरा साप, आणि सगळ्यांचे पट्टे अरुंद. वेंडलला त्याची पहिली मादी त्या टेकडीवर एका दगडाखाली सापडली ती एक्क्याण्णवच्या एप्रिलमध्ये.

“तुमचे साप मी पपांना मासिकात दाखवले होते,” नॉर्मा म्हणाली. “ते खूप वेळ बघत बसले. म्हणाले, इतकी वर्षं ती टेकडी पायाखाली घातली, असला एकही दिसला नाही. मला वाटलं तुम्ही लबाड आहात. अजूनही वाटतं, खरं सांगायचं तर.”

वेंडलला तोंडात मारल्यासारखं झालं. मी तो दगड या हातांनी उलटलाय, असं तो दोनदा म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणताना मात्र तो दिवस त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. त्याची बायको डोरीन नुकतीच वारली होती, आणि टेकडीवर चल म्हणून मागे लागला होता गस. आणि त्या दगडाकडे हात करून ‘तो बघ, तो राहिला’ म्हणाला होता तोही गसच. पुढच्या एप्रिलमध्ये नर सापडला, तेव्हाही गस बरोबर होता. आणि गसचा ट्रक त्या वर्षांत दर महिन्याला लुइझियानाला जात असे. तिकडे पाइनच्या कुजक्या बुंध्यांखाली मिल्क स्नेक सापडतात. काळ्या नाकाडाचे, रुंद लाल पट्ट्यांचे.

तो घरी न जाता थेट गसच्या दारात गेला. गस व्हरांड्यात शेंगा सोलत बसला होता. वेंडलचा चेहरा पाहून त्याने टोपलं बाजूला ठेवलं.

“तू ठेवलीस ती मादी,” वेंडल म्हणाला.

गसने नाकारलं नाही. लाकडाच्या वखारीतल्या एका माणसाने त्याला ती दिली होती, डब्यात घालून. “डोरीन जाऊन चार महिने झाले होते,” तो म्हणाला. “तू अंथरुणातून उठत नव्हतास. दाढी नाही, जेवण नाही. मला दुसरं काही सुचलं नाही रे. म्हटलं, एक साप सापडला तर हा उठेल.”

“आणि नर?”

“ती एकटी पडली होती ना. तू रोज तेच बोलायचास.”

“तेहतीस वर्षं, गस.”

“पहिल्या वर्षी सांगणार होतो. तेवढ्यात तुझा तो लेख छापून आला. मग कसं सांगायचं?”

वेंडल पायऱ्या उतरून निघून गेला. त्यानंतर तीन आठवडे गसने दार वाजवलं की तो आतल्या खोलीत जाऊन बसायचा. राग गसचा होता, पण त्याहून जास्त स्वतःचा होता. सतराच पट्टे, काळं नाकाड. दुसऱ्या कोणाच्या टेबलावर असा साप दिसला असता तर त्याने एका नजरेत दक्षिणेचं रक्त ओळखलं असतं. आपल्या टेबलावर त्याला ते ओळखायचंच नव्हतं.

मग त्याने वही काढली आणि फोन करायला बसला. आधी ते सहा जण: नॉर्माचे साप खरे आहेत, माझी चूक झाली. नंतर ज्यांनी ज्यांनी त्याच्याकडून पिल्लं नेली होती ते सगळे. टोपीकाच्या एका डॉक्टरने शिव्या दिल्या. ओमाहाची एक बाई म्हणाली की तिला साप आवडतो, टेकडीशी तिला देणंघेणं नाही. बाकीच्या पुष्कळांनी विश्वासच ठेवला नाही. म्हातारा काहीतरी लपवतोय, अशी कुजबुज सुरू झाली. खरी टेकडी दुसरीच असणार, कोणी तिथे जाऊ नये म्हणून ही गोष्ट रचली असणार. चुकीचं सांगत होता तेव्हा कोणी शंका काढली नव्हती. आता खरं सांगत होता तर फोनवर लोक त्याची उलटतपासणी करत होते. त्याने डब्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या. नव्या चिठ्ठ्यांवर लिहिलं, ‘लुइझियाना, जागा माहीत नाही’.

गसशी तो बोलला ते ऑक्टोबरच्या शेवटी, दुकानात, ब्रेडच्या कपाटापाशी. आणखी काही ठेवलं होतंस का कुठल्या दगडाखाली, एवढंच त्याने विचारलं. गस म्हणाला, नाही. वेंडल त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग गसची टोपली जड होती म्हणून ती उचलून त्याच्या गाडीपर्यंत नेली.

नोव्हेंबरात नॉर्माचा फोन आला. पाच पिल्लं काही खात नव्हती. उंदराचं गुलाबी पिल्लू समोर ठेवलं तरी तोंड फिरवत होती, आणि दोन तर सुतळीसारखी बारीक झाली होती. कोणाला विचारावं हे तिला कळत नव्हतं, आणि त्याला विचारणं तिच्या जिवावर आलं होतं. तिने तसं सांगितलंही.

वेंडल फ्रीजरमधली एक जुनी बाटली घेऊन गेला. तिच्यात गोठवलेली सापसुरळी होती; असल्या पिल्लांना उंदरापेक्षा तिचा वास ओळखीचा वाटतो. ती कोमट पाण्यात सोडून त्याने तिच्या अंगावर उंदराचं पिल्लू घासलं, नाकापासून शेपटीपर्यंत, आणि ते सगळ्यात बारीक सापाच्या डब्यात चिमट्याने ठेवलं. झाकण लावून वर फडकं टाकलं. नॉर्मा हाताची घडी घालून त्याच्या हातांकडे बघत होती, तो खिशातून आणखी काही काढतो की काय अशी. अर्ध्या तासाने फडकं काढलं तेव्हा पिल्लाच्या गळ्यात गाठ फुगली होती आणि जबडा अजून हलत होता.

“हे तुम्ही कोणाला सांगत नाही ना?” नॉर्माने विचारलं.

“विचारलं त्याला सांगतो.”

तिने उरलेल्या चौघांसाठी पाणी गरम करायला ठेवलं. मग पाठमोरीच म्हणाली की एप्रिलमध्ये ती पंपघराकडे जाते, यायचं तर यावं. गाडी ती चालवेल. आणि ती दाखवेल तेवढेच दगड उलटायचे.

“चालेल,” वेंडल म्हणाला, आणि उंदराचं दुसरं पिल्लू चिमट्यात धरलं.