थोरल्या बाईंचं शेवटचं वस्त्र

चेरिम येईपर्यंत कोरियातल्या मुगोल गावात बोंगसुनच्या तोंडावर 'तसं नव्हतं' म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती.

बावीस वर्षं दर शनिवार-रविवारी बोंगसुन गावच्या मूळ घराण्याच्या थोरल्या घराच्या ओसरीवर सुई-दोरा घेऊन बसायची. सोलहून, देगूहून माणसं जुनी घरं बघायला यायची आणि तिच्याभोवती कोंडाळं करायची. मग ती हात न थांबवता सुरू करायची. जुन्या काळी मोठ्या घरच्या बायका म्हणे वर्षातून दोनदा आंघोळ करत, उरलेलं वर्ष कमरेला सुगंधी पुरचुंडी बांधून निभावत. पोरं नाक दाबून खिदळायची. टाके म्हणे मुंगीच्या पावलाएवढे, आणि मिणमिणत्या दिव्यात ते घालता घालता बायका तिशीतच आंधळ्या व्हायच्या. मग बायाबापड्या हळहळायच्या. हे सगळं तिला तिच्या आईनं सांगितलं होतं, आईला कुणी सांगितलं ते देव जाणे. लोक हसत होते, हळहळत होते, आणि जाताना 'मावशी, काय छान सांगता हो' म्हणत होते. बोंगसुनचं पोट त्यावर भरायचं.

चेरिम तेहेतीस वर्षांची, देगूच्या विद्यापीठातली. जुन्या कबरी हलवताना आत जे कपडे सापडतात, ते धुऊन, वाळवून, एकेक धागा तपासून ठेवायचं तिचं काम. थोरल्या घराच्या पेट्यांतले कपडे बघायला ती आली आणि ओढ्याकाठी दोन खोल्या घेऊन राहिलीच. पहिल्याच शनिवारी ती पाहुण्यांत उभी राहून सगळं ऐकत होती. मग मान थोडी कलती करून म्हणाली, "मावशी, रागावू नका हं. पण तसं नव्हतं."

"मग कसं होतं ते तूच सांग की, बाई."

"रोज सकाळी मुगाच्या पिठानं तोंड, मान, हात धुवायच्या. केस वेगळ्या दिवशी, पाय वेगळे. सगळे कपडे उतरवून पाण्यात बसायची रीत नव्हती, म्हणून बघणाऱ्यांना वाटलं की धुतच नाहीत."

"तू बघायला गेली होतीस वाटतं?"

"मी गळपट्ट्या बघितल्यात, मावशी. गळ्याची पांढरी पट्टी मळली की उसवायची, नवी लावायची. एकेका गळ्यावर सुईची इतकी भोकं आहेत की मोजता येत नाहीत. अंगाला पाणी न लावणारी बाई गळपट्टीसाठी एवढा उपद्व्याप कशाला करेल?"

सगळ्यांची तोंडं चेरिमकडे वळली. ती आपली बोलतच राहिली. म्हणे टाकेसुद्धा लांब असायचे, कारण धुण्याआधी अख्खा कपडा उसवायचा, तुकडे धुवायचे, दांडक्यानं कुटून तुकतुकीत करायचे आणि पुन्हा जोडायचे. "मुंगीच्या पावलांचे टाके घातले असते, तर उसवेपर्यंत पुढचा उन्हाळा आला असता!" यावर लोक खो खो हसले. ते हसू बोंगसुनचं होतं. बावीस वर्षं ते तिच्या ओसरीवर, तिच्या नावानं होतं आणि ही कालची पोर ते सहज उचलून घेऊन गेली.

त्या दिवसापासून बोंगसुनचा जीव जळायला लागला. चेरिमच्या दारात किती चपला आहेत हे ती ओढ्यापलीकडून मोजायची. चेरिमनं केस कापले तर 'नखरे', नाही कापले तर 'अवतार'. चेरिम आजारी पडली तेव्हा सगळ्यांत आधी पेज घेऊन कोण गेलं, तर बोंगसुनच, पण ते खरं म्हणजे घरात कोण कोण येऊन बसलंय ते बघायला. आपण हे काय करतोय ते तिला कळत होतं. कळूनही थांबवत नव्हतं, इतकं ते आत मुरलं होतं.

त्यातही सगळ्यांत जास्त खुपायचं ते थोरल्या बाईंचं वागणं. थोरल्या बाई म्हणजे घराण्याच्या मुख्य घरची थोरली सून. स्वतः अठ्ठ्याऐंशीच्या झाल्या तरी गावासाठी त्या सूनच. तीस वर्षं त्यांचे कपडे बोंगसुनच्या हातचे. त्यांचा डावा खांदा किती उतरलाय, पाठीला पोक किती आलंय, हे त्यांच्या मुलांना ठाऊक नव्हतं, पण बोंगसुनच्या बोटांना ठाऊक होतं. आता त्या दुपारी जवाचा चहा प्यायला चेरिमला बोलवत होत्या.

त्या वर्षी दुसऱ्या महिन्याला जोडून अधिक महिना आला. अधिक महिन्यात वरचे देव माणसांच्या कामात लक्ष घालत नाहीत, म्हणून मेल्यावर अंगावर घालायचं शेवटचं वस्त्र तेव्हाच शिवून ठेवायचं. जिवंतपणी शिवलं की आयुष्य वाढतं म्हणतात. थोरल्या बाईंच्या सासूचं वस्त्र बोंगसुनच्या आईनं शिवलं होतं. थोरल्या बाईंचं बोंगसुन शिवणार, हे तिच्या लेखी तेव्हापासूनच ठरलेलं होतं. या एका कामाची तिनं वर्षानुवर्षं वाट बघितली होती. तागाचं पिवळसर कापडसुद्धा निवडून ठेवलं होतं.

बाईंनी बोलावलं ते मात्र दोघींनाही.

"मला ताग नको," थोरल्या बाई म्हणाल्या. "रस्त्यासाठी आमच्या पूर्वज-आजीची कबर हलवली ना, तिच्या अंगावरचे कपडे हिनं मला दाखवले. हिरवं रेशीम, बोंगसुन! अस्तर लाल. चारशे वर्षांनीसुद्धा हिरवं. मला तसं हवंय."

"बाई, शेवटचं वस्त्र तागाचंच असतं! पूर्वापार चालत आलंय. माझ्या आईनं तुमच्या सासूबाईंना..."

"तसं नव्हतं, मावशी," चेरिम हळूच म्हणाली. "ताग नेसायचे ते मागे राहिलेले, दुःखात म्हणून. गेलेल्या माणसाला त्याचे चांगल्यातले चांगले कपडे घालून पाठवायचे. गेलेल्यालाच ताग घालायची रीत शंभरेक वर्षांतली."

"म्हणजे माझी आई चुकली?"

"कुणी चुकलं नाही गं," थोरल्या बाई म्हणाल्या. "कापून ही देईल, जुन्या मापानं. घागरा ही शिवेल. अंगरखा तू शीव. तुझा हात चांगला."

अंगरखा मिळाला, म्हणजे मोठं काम मिळालं. पण बोंगसुनला ऐकू आलं ते 'ही' आणि 'घागरा'. दोन बायकांचा हात एका कपड्याला, आणि उद्या लोक म्हणणार, चेरिमनं केलं, बोंगसुन मदतीला होती. रात्रभर तिनं कूस बदलली. मग सकाळी तिनं ठरवलं की अंगरखा असा शिवायचा, की त्याच्या शेजारी तो घागरा गोणपाट दिसला पाहिजे.

शेवटचं वस्त्र एकाच दिवसात व्हावं लागतं, सूर्य उगवल्यावर सुरू आणि मावळायच्या आत संपलेलं. थोरल्या घराच्या मोठ्या खोलीत, खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर पांढरी चादर पसरून चौघी बसल्या. शेजारच्या दोघी उशी आणि पायमोजे शिवायला होत्या. थोरल्या बाई भिंतीला टेकून, आपल्याच मरणाची तयारी लग्नघरातल्यासारखी बघत होत्या. मध्येच सगळ्यांना शेवया खायला लावत होत्या.

बोंगसुननं हिरवं रेशीम मांडीवर घेतलं आणि तिची बोटं सुखावली. तागासारखं खरखरीत नाही, हाताला लागतच नव्हतं. तिच्या बोटांनी असं रेशीम आजवर फक्त नवऱ्यामुलींसाठी शिवलं होतं. सुई आपोआप त्या वाटेला लागली. दर टाका मागे घेऊन पुढे, बारीक, घट्ट, एकसारखा बखिया.

तिनं तिरक्या नजरेनं चेरिमकडे बघितलं. चेरिमचा धावदोरा लांब लांब, थोडा वाकडा, आणि दोऱ्याची टोकं तशीच मोकळी लोंबत होती. बोंगसुनला उकळ्या फुटल्या. विद्यापीठ शिकवतं, पण हात कुठून देणार?

"पोरी, शेवटाला जरा आवळून घे की. लोकांना वाटेल, अर्धवट सोडून उठलीस."

चेरिमनं मान वर केली. ती काहीतरी विचारणार असं वाटलं, पण शेजारणींकडे बघून पुन्हा घागऱ्यावर वाकली. बोंगसुनला वाटलं, लाजली.

दुपारी चारच्या सुमारास बोंगसुननं शेवटचा दोरा तोडला आणि अंगरखा बाईंच्या मांडीवर पसरला. शेजारणी पुढे सरकल्या. "अगं बाई, यंत्रानंसुद्धा असं होणार नाही," एक म्हणाली. बोंगसुननं मुद्दाम चेरिमकडे बघितलं. बावीस वर्षांतल्या सगळ्या शनिवारांचं हसू तिला एका क्षणात परत मिळालं होतं.

थोरल्या बाईंची नजर अधू झाली होती. त्यांनी अंगरखा उलटा केला आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. काखेपाशी अंगठा थांबला. पुढे सरकला, मनगटापाशी पुन्हा थांबला.

"बोंगसुन," त्या म्हणाल्या, "गाठी आहेत गं."

बोंगसुननं हात पुढे करून शिवण चाचपली. शेवटच्या वस्त्राला गाठ मारत नाहीत, टाका मागे घेत नाहीत. जाणाऱ्याची वाट अडते, मागे राहिलेल्यांचं आयुष्य गुंतून बसतं. हे तिला आईनं सातव्या वर्षी शिकवलं होतं. ताग हातात असता तर बोटांना आपोआप आठवलं असतं. पण हातात रेशीम होतं आणि डोळ्यांसमोर चेरिम होती.

"कुणाला बांधून ठेवायचंय?" थोरल्या बाईंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच लागला. "आयुष्यभर या घराला बांधलेली होते मी. मेल्यावर तरी सुटू दे."

"थोरल्या बाई," चेरिम घाईघाईनं म्हणाली, "ते मीच सांगितलं होतं मावशींना. काही जुन्या कबरींत अशा गाठीवाले कपडे सापडलेत. तशीपण रीत होती."

बोंगसुननं तिच्याकडे बघितलं. चेरिमचे कान लालबुंद झाले होते. ओसरीवर कुणाची साधी गोष्टसुद्धा खपवून न घेणारी ही पोर, तिच्यासाठी धडधडीत खोटं बोलत होती. आणि बाई तिचं ऐकणार होत्या, कारण आता गावात चेरिम सांगेल ते खरं. गप्प बसलं की झालं, इज्जत वाचणार होती. पण मग जन्मभर ती चेरिमनं वाचवलेली इज्जत असणार होती. बोंगसुनला सत्याची फार चाड होती असं नाही. तिला फक्त ते सहन होणार नव्हतं.

"खोटं बोलतेय ती," बोंगसुन म्हणाली. "असं कुठं काही नव्हतं. मीच विसरले. हिच्यापेक्षा आपलं चांगलं दिसावं एवढंच डोक्यात होतं, बाई. तुम्ही नव्हता डोक्यात."

बोलून झाल्यावर तिला रडू फुटलं. शेजारणींनी माना खाली घातल्या. थोरल्या बाईंनी अंगरखा उचलून तिच्या मांडीवर ठेवला.

"ऊन किती उरलंय?" त्यांनी विचारलं.

"दोन तास," चेरिम म्हणाली.

"मग रडतेस काय? उसव. तूच शिवायचंय."

उसवायला घेतलं आणि बोंगसुनला आपल्याच हाताचा संताप आला. चेरिमचा धावदोरा एका टोकाला धरून ओढला असता तर सर्रकन निघाला असता. तिचा स्वतःचा प्रत्येक टाका वेगळा कापावा लागत होता, रेशमाला धक्का न लावता. एक बाही होईपर्यंत वीस मिनिटं गेली. मग चेरिम न विचारता दुसऱ्या बाहीला बसली. बोंगसुननं तिला हटकलं नाही, हटकायला वेळ नव्हता.

मग तिनं पुन्हा शिवायला घेतलं, लांब टाके, सैल, गाठ नाही, टोकं मोकळी. एकेक टाका घालताना तिचा जीव वरखाली होत होता. आयुष्यात एवढं वाईट तिनं कधी शिवलं नव्हतं. समोरच्या डोंगरामागे सूर्य गेला तेव्हा अंगरखा झाला होता. तिनं तो घागऱ्याशेजारी ठेवला आणि बघत राहिली. कुठला हात कुणाचा, हे तिचं तिलाही सांगता येत नव्हतं.

थोरल्या बाईंनी दोन्ही कपड्यांवरून अंगठा फिरवला आणि तो कुठंच अडला नाही. "आता झोप लागेल मला," त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की बोंगसुनला अचानक त्यांचाच हेवा वाटला. रेशमाचाही नव्हे, हिरव्या रंगाचाही नव्हे. एका बाईसाठी दोन बायका दिवसभर मान मोडून बसल्या होत्या, एकमेकींवर जळून का होईना. तिच्यासाठी कोण बसणार होतं? मुलगा बुसानला. तो दवाखान्याच्या खालच्या दुकानातून तयार वस्त्राचं खोकं विकत आणेल, यंत्रावर शिवलेलं, प्रत्येक शिवणीला गाठ.

शेजारणी उठून चुलीकडे गेल्या. चेरिम चादरीवरचे दोऱ्याचे तुकडे वेचत होती.

"ए," बोंगसुन तिच्याकडे न बघता म्हणाली. "तुझे टाके वाकडे असतात."

"माहितीये, मावशी."

"मला चालतील."

चेरिमनं हातातले दोरे खाली ठेवले. मग ती उठली, पेटीतली मापाची पट्टी घेऊन आली आणि बोंगसुनच्या मागे गुडघे टेकून बसली. "खांदे सैल सोडा," ती म्हणाली, आणि पट्टी पाठीला लावली.

"उजवा उतरलाय थोडा," बोंगसुन म्हणाली. "लिहून ठेव, नाहीतर विसरशील."