चकचकीत पंप

निवृत्त सर्जनांनी वडिलांच्या जुन्या गाडीचं इंजिन दोन वर्षं खपून स्वतः बांधलं. एकेक भाग धुऊन, पुसून, पार कोरडा करूनच त्यांनी बसवला. आणि आता स्टार्टर फिरवला, तर तेलाच्या दाबाचा काटा शून्यावरून हलायला तयार नाही! असंच इंजिन चालू केलं, तर बेअरिंग जळून दोन वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडणार होतं.

त्यांनी मीटर बदलला, फिल्टर बदलला. काटा ढिम्म. शेवटी नाक मुठीत धरून त्यांनी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्रीने इंजिनखालचं तेलाचं चेंबर उतरवून तेलाचा पंप काढला, उघडला आणि हसत सुटला.

“डॉक्टरसाहेब, याला आंघोळ कोणी घातली?”

“मीच. आत धुळीचा कण सापडायचा नाही.”

“तेलाचा थेंबही सापडत नाहीये की! आतली दातेरी चाकं कोरडी असली की नुसती हवा घुसळतात, तेल ओढत नाहीत. बसवण्याआधी पंपात तेल भरायचं असतं.”

असं म्हणून त्याने काळ्याकुट्ट बोटांनीच दाट तेल चाकांवर चोपडलं. सर्जन पटकन पुढे झाले.

“अहो, निदान हात तरी धुवा!”

“धुतोय ना, तेलाने.”

पंप बसला, चेंबर चढलं, तेल भरलं. स्टार्टर फिरताच काटा थरथरला आणि सरसर वर गेला.

“वाचला पेशंट,” मिस्त्री म्हणाला.

सर्जनांनी मान डोलावली. चाळीस वर्षांत हातमोज्यांशिवाय वाचलेला हा त्यांचा पहिलाच पेशंट होता.